माए सोत: नदी सोपी, नाका अवघड

बँकॉकच्या मोचित स्थानकावरून रात्रीची बस धरली की उजाडता उजाडता माए सोतला उतरतो. थायलंडच्या ताक प्रांतातलं हे सीमेवरचं गाव. मणिपूरच्या मोरेहून म्यानमारमार्गे येऊ घातलेला महामार्ग इथवर पोचायचा आहे. कधी पोचेल ते देव जाणे. पाट्या थाई आणि बर्मी, बाजारात गालांना थनाखा (झाडाच्या सालीची पिवळसर उटी) फासलेल्या बायका.

पलीकडे म्यानमारचं म्यावाडी, मध्ये मॉई नदी. १९९७चा मैत्री पूल आहेच, पण तो कागदपत्रवाल्यांचा. बाकीचे होडीतून, नाहीतर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून येतात. उन्हाळ्यात पाणी इतकं उतरतं की आपल्याकडची ओढ्यापलीकडची वाडी आठवावी.

मी आलो होतो माए ताओ क्लिनिक बघायला. डॉ. सिंथिया माउंग या कारेन (म्यानमारमधला एक अल्पसंख्याक समाज) डॉक्टर १९८८च्या तिथल्या लष्करी राजवटीविरुद्धच्या उठावानंतर जंगलवाटेने इकडे आल्या आणि १९८९ साली एका जुनाट घरात त्यांनी म्यानमारमधून आलेल्यांसाठी दवाखाना मांडला. सुरुवातीला अवजारं भात शिजवायच्या कुकरमध्ये उकळून घेत. २००२ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. (हेमलकसा आठवल्याशिवाय राहत नाही, पण इथे रुग्णाच्या मागावर लष्कर असू शकतं.)

सगळ्यात जास्त वेळ मी रेंगाळलो तो कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत. फळीवर प्लास्टरचे साचे ओळीने वाळत ठेवलेले, हवेत पांढरी धूळ. एक कारागीर गुडघ्याखालचा साचा कानशीने घासत होता, दर दोन मिनिटांनी अंगठा फिरवून खरखर तपासत होता. मग उठून चालायला लागला तेव्हा कळलं, त्याचाही एक पाय कृत्रिमच. भूसुरुंग. इथले काही कारागीर असेच आधी रुग्ण म्हणून आलेले.

बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुली होत्या, नदीपलीकडून आलेल्याही होत्या. बाळाच्या जन्माच्या दाखल्याबद्दलच जास्त विचारत होत्या. २००८ पासून थायलंडमध्ये जन्मलेल्या कुठल्याही मुलाची जन्मनोंद होऊ शकते. त्याने नागरिकत्व मिळत नाही, पण पोर कुठे, कुणाच्या पोटी जन्मलं याचा पुरावा तरी राहतो.

क्लिनिकमध्ये न झेपणारा रुग्ण गावातल्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. त्यापुढे, गावाबाहेर न्यायचं तर कागदपत्रं नसलेल्यांची नाक्यावरच पंचाईत. परतताना ताकच्या घाटात बस नाक्यावर थांबली. पोलिसाने माझ्या पासपोर्टकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मागच्या सीटवरच्या पोराला मात्र पिशवीसकट खाली उतरवलं. माझ्या मते खरी सीमा नदीवर नाही, या घाटात आहे.

म्यानमारमधल्या २०२१च्या लष्करी बंडानंतर येणारे वाढले, आणि २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने मदत थांबवल्यावर सीमेवरच्या निर्वासित छावण्यांतले दवाखाने बंद पडले.

कुणाला क्लिनिक बघायला जायचं असेल तर आधी विचारून वेळ घ्या, आणि रांगेतल्या माणसांचे फोटो काढू नका. त्यांचे घरचे अजून पलीकडे आहेत.