सोलरआधी आम्ही पंप मोजला

सिंहगड रस्त्यावरची आमची सोसायटी 2003 सालची. तीन बिल्डिंग, 120 फ्लॅट, पार्किंगवर सात मजले. कॉमन लाइटबिल वाढत चाललं तसं जनरल बॉडीत एकच सूर लागला, सोलर बसवा. सोलरवाल्याने बिल बघून 15 किलोवॅटचं कोटेशनही दिलं. मी सेक्रेटरी. मला एवढंच वाटत होतं की वीज जाते कुठे, हे आधी कळायला हवं. बरीच वादावादी झाल्यावर एनर्जी ऑडिट मंजूर झालं.

आलेल्या ऑडिटर मॅडमकडे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं प्रमाणपत्र होतं. त्यांनी सगळ्यात आधी वर्षभराची बिलं मागितली. ती गोळा करण्यातच माझे पंधरा दिवस गेले. दोन महिन्यांची तर सापडेचनात, शेवटी महावितरणच्या साइटवरून काढली. पार्किंगमधल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबा, दिवसाउजेडी जळणारे जिन्यातले दिवे, हे सगळं तासाभरात नोंदवून झालं. खरा वेळ गेला तो पंपावर.

मॅडमनी मोटरच्या वायरीला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखं अडकवून वीज मोजायचं यंत्र, लावलं. 4.9 किलोवॅट. मग जमिनीखालच्या टाकीत येणारं पाणी बंद करायला लावलं. वॉचमन मामांनी टेप आत सोडला, मी घड्याळ धरून बसलो. 10 मिनिटांत पाणी 10 सेंटीमीटर उतरलं. टाकी 5 बाय 5 मीटरची, म्हणजे 2,500 लिटर. वरची टाकी 30 मीटर उंच. मॅडमनी तिथेच कठड्यावर वही ठेवून हिशोब मांडला: एवढं पाणी एवढ्या उंचीवर चढवायला कागदावर 1.2 किलोवॅट पुरतात. आम्ही भरत होतो चौपट! त्या वहीकडे बघून मला फार वाईट वाटलं. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं आणि आम्ही कधी तिकडे वळून पाहिलं नव्हतं.

पंप उघडला तर इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, झिजून गेलेला; फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या टोकाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, गळका.

पाण्याचाही ताळा घेतला. पंप रोज सहा तास चालायचा, म्हणजे 90 हजार लिटर. साधारण 480 माणसं धरली तर माणशी 187 लिटर, आणि शहरासाठी सरकारी मापदंड आहे 135 लिटरचा. आम्ही चौघं-पाच जण दोन रविवार घरोघरी फिरलो. गळके फ्लश टँक सापडत गेले. एका आजींच्या घरी तर फ्लश टँकमध्ये रंग टाकून तो कमोडमध्ये उतरताना दाखवावा लागला, तेव्हा कुठे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः प्लंबर बोलावला.

आता दुरुस्तीनंतर तोच पंप तासाला 24 हजार लिटर चढवतो आणि रोज तीन तास चालतो. आधी रोज 29 युनिट जायची, आता 14 जातात. पुण्याच्या उन्हात एक किलोवॅट सोलर दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे जवळपास चार किलोवॅटची पॅनेल न बसवताच वाचली. बहुतांशी कोळशावरच्या आपल्या विजेत युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. त्या हिशोबाने वर्षाला पावणेचार टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड कमी.

सोलर आता बसवतोय, पण कोटेशन नवं मागवलंय. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचं कामही सोबत घेतलंय, म्हणजे महापालिकेच्या मिळकतकरातली सवलत मागता येईल. टेप मामांच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलाय. दर महिन्याच्या एक तारखेला टाकी मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा, असं ठरलंय.