तुम्ही विचारलंत म्हणून: खरा अ‍ॅम्प की संगणकातला?

गिटारचा आवाज वाढवणारा, काचेच्या व्हॉल्व्हवर म्हणजे ट्यूबवर चालणारा खरा ट्यूब अ‍ॅम्प घ्यावा की संगणकावरचे प्लगिन, म्हणजे त्याची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, पुरेसे आहे, हा प्रश्न मला गिटार शिकायला येणारी मुले विचारतात, त्यांचे पालक विचारतात (त्यांचा रोख बहुधा किमतीवर असतो), आणि माझ्या खोलीत ध्वनिमुद्रणासाठी येणारे मुरलेले वादकही विचारतात. तोंडी उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून ते एकदा सविस्तर लिहितो. माझे मत असे आहे की ध्वनिमुद्रित आवाजात आज सांगण्याजोगा फरक उरलेला नाही, पण वाजवणाऱ्याला तो अजूनही जाणवतो. त्या फरकाचे श्रेय मात्र सगळेजण ट्यूबला देतात, आणि ते बहुतांशी स्पीकरला व खोलीला द्यायला हवे.

तारांची हालचाल विजेत बदलणाऱ्या गिटारच्या पिकअपमधून निघणारा संकेत अगदी क्षीण असतो. प्रीअ‍ॅम्पमधल्या छोट्या ट्यूब, बहुतेक वेळा ईसीसी८३, तो टप्प्याटप्प्याने वाढवतात. मग पॉवर ट्यूबची जोडी किंवा चौकडी त्याला बळ देते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्फत तो स्पीकरपर्यंत पोहोचतो. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. व्हॉक्सच्या एसी३० या प्रसिद्ध अ‍ॅम्पमध्ये ज्या चार ईएल८४ असतात, तीच ट्यूब त्या काळच्या रेडिओंतही सर्रास वापरली जात असे. रेडिओ बनवणाऱ्याला आवाज स्वच्छ हवा होता आणि गिटारवाल्यांना तो फाटलेला आवडू लागला, एवढेच.

ट्यूबला तिच्या मर्यादेपलीकडे ढकलले की लहरीचे माथे चपटे होतात आणि मूळ स्वरात नसलेले हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारितेचे उपस्वर, तयार होतात. ट्यूब सम हार्मोनिक्स देते म्हणून ती गोड, आणि ट्रान्झिस्टर विषम देतो म्हणून तो कर्कश, हे विधान अजूनही मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. परंतु नावाजलेले बहुतेक अ‍ॅम्प पुश-पुल पद्धतीचे, म्हणजे दोन बाजूंच्या ट्यूब आळीपाळीने जोर लावतात असे, आहेत, आणि त्या पद्धतीत पॉवर विभागात निर्माण होणारे सम हार्मोनिक्स बऱ्याच अंशी एकमेकांना रद्द करतात. तेव्हा गोडव्याचे कारण इतके सोपे नाही.

स्पीकरचे वजन किती मोठे असते हे समजून घ्यायला फेंडर बासमन आणि मार्शल जेटीएम४५ यांच्याइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही. १९६२ मध्ये पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल येथील जिम मार्शल यांच्या दुकानात जो अ‍ॅम्प तयार झाला, त्याचे सर्किट अमेरिकेतल्या फेंडर बासमनच्या ५एफ६-ए या सर्किटवरून जवळजवळ जसेच्या तसे घेतलेले होते. पहिल्या टप्प्यात १२एवाय७ च्या जागी अधिक गेन देणारी, म्हणजे संकेत जास्त पटीने वाढवणारी, ईसीसी८३ आली आणि ट्रान्सफॉर्मर ब्रिटनमध्ये मिळणारे वापरले गेले. पण सर्वात मोठा बदल सर्किटच्या बाहेर होता. बासमनमध्ये मागून उघड्या पेटीत दहा इंची चार जेन्सन स्पीकर होते, तर मार्शलचा अ‍ॅम्प बारा इंची चार सेलेस्टियन स्पीकरच्या बंद पेटीवर वाजू लागला. कागदावर भावंडे असलेल्या या दोन अ‍ॅम्पचा आवाज एकमेकांपासून इतका लांब गेला की पुढे दोन्ही घराण्यांचे चाहतेही वेगळे झाले.

आता सॉफ्टवेअरकडे येतो. १९९८ मध्ये लाइन ६ या कंपनीचे लाल रंगाचे पॉड हे नक्कल करणारे उपकरण आले आणि घरी रात्री हेडफोन लावून वाजवणाऱ्यांची सोय झाली. त्या पिढीतल्या उपकरणांचा आवाज स्थिर वाटे. जोरात मारलेली आणि हळू मारलेली तार यांत फरक पडे तो जवळजवळ केवळ तीव्रतेचा. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये तसे नसते. जोरात तार छेडली की ट्यूबना मिळणारा उच्च व्होल्टेजचा वीजपुरवठा क्षणभर दबतो, विशेषतः रेक्टिफायरही (वीज एकाच दिशेने वाहती करणारा भाग) ट्यूबचाच असेल तर, आणि मग तो हळूहळू सावरतो; त्यामुळे स्वर आधी दबतो आणि मग फुलतो. गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब थोडा खाली आणला की तोच अ‍ॅम्प स्वच्छ बोलू लागतो. मागच्या क्षणी काय झाले त्यावर पुढच्या क्षणीचा आवाज अवलंबून असणे, ही सर्किटची स्मृती सुरुवातीच्या सॉफ्टवेअरला नीट साधत नव्हती. दुसरी अडचण अंकीय नमुन्यांची. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेऊन, काम करणाऱ्या प्रणालीत २४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच मावत नाही. विकृतीमुळे ३० किलोहर्ट्झचा हार्मोनिक निर्माण झाला तर तो उलटून १८ किलोहर्ट्झवर बेसूर होऊन उमटतो. यावर उपाय म्हणून आजची प्लगिने आतल्या आत चौपट किंवा आठपट वेगाने गणित करतात. पूर्वी ज्या किरकिरीला लोक ‘डिजिटल आवाज’ म्हणत, तिचा बराच भाग या उपायाने गेला.

पुढे मार्ग दोन झाले. एका मार्गात सर्किटमधला प्रत्येक रोधक (रेझिस्टर), प्रत्येक धारित्र (कपॅसिटर) समीकरणांत मांडतात. दुसऱ्यात आत काय आहे ते न पाहता, अ‍ॅम्पमध्ये काय सोडले आणि बाहेर काय आले एवढ्यावरून नक्कल करतात. जर्मनीच्या केम्परने २०११ च्या सुमारास या दुसऱ्या पद्धतीचे यंत्र बाजारात आणले. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९-२० च्या सुमारास न्यूरल नेटवर्क वापरून हे काम प्रत्यक्ष वाजवताना करता येते हे दाखवले. आणि आज न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हा मुक्त प्रकल्प कोणालाही फुकट वापरता येतो. अशा नकलेची, म्हणजे ‘कॅप्चर’ची, मर्यादा ही की ते सहसा नॉबच्या एकाच स्थितीचे असते. गेन वाढवायचा तर दुसरे कॅप्चर शोधावे लागते.

मग लोकांना फरक का जाणवतो? कारण तुलनाच विषम असते. प्लगिनमध्ये आपण ऐकतो तो मायक्रोफोनने टिपलेला अ‍ॅम्प. त्याच्या शेवटच्या टप्प्यात जो इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर असतो, त्यात एक स्पीकर, एक पेटी आणि शूर एसएम५७ सारखा एखादा मायक्रोफोन एका ठरावीक जागी गोठवलेला असतो. तो मायक्रोफोन शंकूच्या मध्यापासून दोन-तीन सेंटीमीटर सरकवला तरी आवाज बदलतो. खोलीतला अ‍ॅम्प मात्र आपण जमिनीवर ठेवून, चार पावलांवर उभे राहून ऐकतो. गिटारचा स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो आणि त्याचे तीक्ष्ण स्वर झोतासारखे सरळ समोर जातात, म्हणजे ते आपल्या गुडघ्यांवर आदळतात आणि कानांना मऊ झालेला आवाज मिळतो. शिवाय तो मोठा असतो, आणि आवाज मोठा झाला की कानाला खर्ज व तीव्र स्वर प्रमाणाबाहेर भरीव लागतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. बैठकीत पहिल्या रांगेत बसून ऐकलेल्या गवयाची तुलना आकाशवाणीवरच्या त्याच गवयाशी करावी आणि दोष त्याच्या गळ्याला द्यावा, तसा हा प्रकार आहे.

न्याय्य तुलना करायची तर अ‍ॅम्प शेजारच्या खोलीत ठेवून, मायक्रोफोन लावून, दोन्ही आवाज त्याच मॉनिटर स्पीकरवर आणि काटेकोरपणे समान तीव्रतेवर ऐकायला हवेत. तसे केल्यावर कोणता कोणता हे मला खात्रीने ओळखता येत नाही, आणि माझ्याबरोबर ऐकणाऱ्यांनाही आलेले नाही. यात प्लगिनला दोष देण्याआधी एक गोष्ट तपासावी: इंटरफेसचा, म्हणजे गिटार संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा, गिटारसाठीचा, सुमारे दहा लाख ओहमचा इनपुट निवडला आहे का, आणि त्याचा गेन किती आहे. संकेताची पातळी आवश्यकतेपेक्षा जास्त असेल तर स्वच्छ अ‍ॅम्पचे प्लगिनही फाटू लागते. ‘प्लगिन कृत्रिम वाटते’ या तक्रारींतल्या बऱ्याचशा तिथेच मिटतात. विलंबाची धास्ती मात्र अवास्तव आहे. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा साठा) म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत. येण्याजाण्याचा हिशोब धरूनही एकूण विलंब दहाच्या आत ठेवता येतो, आणि अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभे राहिलात तर हवेतून आवाज यायलाच जवळपास नऊ मिलिसेकंद लागतात.

उरतो तो स्पीकर. ८ ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर सर्व स्वरांना ८ ओहमचा नसतो; खालच्या अनुनादापाशी आणि वरच्या टोकाला त्याचा अवरोध (इम्पीडन्स) कितीतरी वाढतो, आणि ट्यूब अ‍ॅम्प त्या चढउताराप्रमाणे वाकतो. म्हणूनच स्पीकरऐवजी साधा रोधक जोडून घेतलेले कॅप्चर चपटे वाटते आणि रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्सवर, म्हणजे स्पीकरसारखाच बदलता अवरोध दाखवणाऱ्या पेटीवर, घेतलेले जिवंत वाटते. याशिवाय मोठा आवाज गिटारच्या तारांना पुन्हा हलवतो आणि धरून ठेवलेला स्वर विरत नाही. हेडफोनमध्ये हे घडणे शक्यच नाही.

म्हणून फ्लॅटमध्ये राहून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना मी प्लगिनच सुचवतो. बारा इंची गिटार स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर, साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज देतो; तेव्हा ‘छोटा पाच वॉटचा घेतो’ म्हणणाऱ्याने शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे. ड्रमवाल्याबरोबर सरावाला जाणाऱ्यांनी मॉडेलरचा (नक्कल करणाऱ्या यंत्राचा) आयआर बंद करून, त्याचा संकेत पॉवर अ‍ॅम्पमार्फत बारा इंची स्पीकरच्या खऱ्या पेटीतून ऐकून पाहावा. माझ्या अनुभवात ‘ट्यूबची मजा’ म्हणून जे शोधले जाते त्यातले बरेचसे या पेटीतूनच मिळते, आणि ते मिळाले तर पैसे पेटीवर खर्चावेत. त्यानंतरही ट्यूबच हवी असेल तर अवश्य घ्या, पण नातेवाइकांकरवी अमेरिकेतून १२० व्होल्टचा अ‍ॅम्प मागवू नका. तिथला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झचा धरून बनवलेला असू शकतो आणि आपली वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन लावूनही तो तापण्याची शक्यता राहते. दुरुस्तीसाठी तो स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतली धारित्रे काही वेळ चारशे व्होल्ट किंवा त्याहूनही अधिकचा भार धरून बसलेली असू शकतात.