तुम्ही विचारलंत म्हणून: नवा करार कोणी ठरवला?

‘रोमन बादशहा कॉन्स्टन्टाइनने ३२५ साली निकायाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) धर्मपरिषदेत मतदान घेऊन बायबलच्या नव्या करारातली पुस्तकं ठरवली, हे खरं का?’ असं वारंवार विचारलं जातं.

खरं नाही. निकायात मोठा वाद होता तो अलेक्झांड्रियाचा पाळक (धर्मगुरू) आरियस याच्या शिकवणीचा: पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, पित्याइतकाच, म्हणजे देवाइतकाच, अनादी आहे, की पित्याने निर्माण केलेला? परिषदेने मतांगिकार (श्रद्धेचं अधिकृत निवेदन) लिहिला, ईस्टरच्या तारखेचा निर्णय केला आणि २० नियम घालून दिले. पहिला नियम स्वतःला खच्ची करून घेतलेल्या पाळकांबद्दल आहे, विसावा रविवारी उभं राहून प्रार्थना करण्याबद्दल. पुस्तकांची यादी एकाही नियमात नाही. निकायात वेदीपाशी ठेवलेल्या पुस्तकांतली खोटी आपोआप वेगळी झाली, अशी जी गोष्ट सांगतात ती नवव्या शतकातल्या एका ग्रीक संकलनातून आलेली आहे.

खरी हकिगत जास्त लांबलचक आहे, आणि माझ्या मते जास्त मोलाची. पहिली ठाम यादी केली ती मंडळीने (चर्चने) बाहेर काढलेल्या माणसाने. काळ्या समुद्राकाठचा जहाजमालक मार्सियन. लूकचं काटछाट केलेलं शुभवर्तमान (येशूचं चरित्र) आणि प्रेषित पौलाची दहा पत्रं एवढंच त्याने ठेवलं. जुना करार पूर्ण नाकारला. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला काढलं, त्याची मोठी देणगीही परत केली. त्यानंतर आपण काय वाचतो हे स्पष्ट सांगणं मंडळ्यांना भाग पडलं. १८० च्या आसपास लिऑनचा बिशप इरेनेयस याने बजावलं की शुभवर्तमानं चारच, कमी नाहीत नि जास्त नाहीत.

मग छाननी प्रत्यक्षात कशी होत होती? अंत्युखियाचा (सिरियातल्या अँटिओकचा) बिशप सेरापियन याचं उदाहरण बघा. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस जवळच्या ऱ्होसस गावात येशूचा प्रेषित पेत्र याच्या नावाचं ‘पेत्राचं शुभवर्तमान’ वाचलं जात होतं. त्याने आधी न वाचताच परवानगी दिली. पुढे तक्रार कानावर आली तेव्हा प्रत मिळवून स्वतः वाचली. ख्रिस्ताचं शरीर नुसता भास होता, असं मानणाऱ्यांच्या वळणाची भर त्यात दिसली, आणि त्याने मंडळीला तसं पत्र लिहिलं. नाव प्रेषिताचं असलं तरी मजकूर तपासायचा, हे इथे दिसतं. प्रेषितांशी नातं, विश्वासाशी सुसंगती आणि अनेक मंडळ्यांतलं जुनं वाचन, या कसोट्या पुन्हा पुन्हा लागत राहिल्या.

कैसरियाचा बिशप युसीबियस निकायाला हजर होता. त्याच्या मंडळीच्या इतिहासात मान्य, वादग्रस्त आणि त्याज्य असे गट आहेत. याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं-तिसरं ही पत्रं वादग्रस्तांत. प्रकटीकरण या पुस्तकाबद्दल तर त्याचं स्वतःचंच मन ठरत नाही. पश्चिमेकडे अडत होतं ते इब्रीकरांस पत्रापाशी.

आपल्या बायबलमधली नेमकी २७ पुस्तकं पहिल्यांदा एकत्र दिसतात ती ३६७ साली, म्हणजे निकायानंतर ४२ वर्षांनी. अलेक्झांड्रियाचे बिशप दरवर्षी ईस्टरची तारीख कळवणारं पत्र धाडत. पाच वेळा हद्दपारी भोगलेल्या अथनेशियसने आपल्या ३९ व्या पत्रात ही यादी घातली. ‘हर्मासचा मेंढपाळ’ हा जुना ख्रिस्ती ग्रंथ त्याने यादीबाहेर ठेवला, पण नवशिक्यांनी वाचावा असंही सांगितलं. क्रम मात्र आजच्यापेक्षा वेगळा आहे: प्रेषितांच्या कृत्यांनंतर याकोब ते यहूदा ही सात पत्रं, मग पौलाची. ३९७ च्या उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या परिषदेतही तीच २७ आली. तिथे प्रसिद्ध धर्मपंडित ऑगस्टिन होता.

तरीही सगळीकडे एकाच वेळी शिक्कामोर्तब झालं नाही. सिरियाक भाषेतल्या जुन्या पेशित्ता बायबलमध्ये २२ च पुस्तकं आहेत. पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं-तिसरं, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण त्यात नाहीत. पूर्वेच्या सिरियाक मंडळीची एक शाखा केरळात त्रिशूरला आहे, आणि त्या परंपरेच्या उपासनेतल्या नेमलेल्या पाठांत ही पाच पुस्तकं आजही येत नाहीत.