एसिंकटास्क काढता काढता

महापेच्या ऑफिसात माझ्याकडे आलं ते एका हाउसिंग सोसायटीच्या पावत्यांचं अ‍ॅप. कोड आधीच्या टीमचा, जावातला, जागोजागी एसिंकटास्क, म्हणजे अँड्रॉइडमध्ये काम बॅकग्राउंडला पाठवायची जुनी सोय. गूगलने २०२० साली, अँड्रॉइड ११ मध्ये तो डेप्रिकेट केला, म्हणजे ‘आता वापरू नका’ असं जाहीर केलं. मला सगळं कोटलिन भाषेतल्या कोरूटीनवर, म्हणजे अशी कामं लिहायच्या नव्या पद्धतीवर, न्यायचं होतं.

तक्रार एकच: पावत्यांची यादी उघडली की स्क्रीन अडकते. नेटवर्क कॉल तर बॅकग्राउंडलाच होता. वेळ कुठे जातो ते दाखवणारा प्रोफायलर लावला आणि चोर सापडला. आलेला जेसन (सर्व्हरकडून मजकूररूपात येणारा डेटा) उलगडून तारखेप्रमाणे लावायचं काम एसिंकटास्कच्या शेवटच्या टप्प्यात, ऑनपोस्टएक्झिक्यूटमध्ये लिहिलेलं होतं, आणि ते चालतं मेन थ्रेडवर! बॅकग्राउंडला जातं फक्त त्याच्या डूइनबॅकग्राउंडमधलं काम.

मेन थ्रेड म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग. बोटाचा स्पर्श, स्क्रीन रंगवणं, स्क्रीन उघडल्या-मिटल्याचे निरोप (लाइफसायकलचे कॉलबॅक), सगळे त्याच रांगेत. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. स्पर्शाला ५ सेकंद उत्तर मिळालं नाही की ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’.

दुसरं कोडं जास्त मजेशीर. पावतीचा फोटो अपलोड होत असला की यादी येतच नसे. अँड्रॉइड ३ पासून साधं एक्झिक्यूट म्हटलं की एसिंकटास्क एकामागून एकच चालतात, हे मला तेव्हा कळलं. ‘एसिंक’ म्हणजे एकमेकांची वाट न बघता चालणारं; नावावरून कोणाला वाटेल?

कोरूटीन लिहायला घेतल्यावर मी डिस्पॅचर, म्हणजे काम कुठल्या थ्रेडवर चालवायचं ते ठरवणारे, मोजत बसलो होतो. शेजारची सीनिअर म्हणाली, “अरे, थ्रेड कुठला ते नंतर बघ. स्क्रीन गेली तर हे काम मरायला हवं की जगायला, ते आधी सांग.” तिथून गाडी रुळावर आली. यादी व्ह्यूमॉडेलस्कोपमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या आयुष्याशी बांधलेल्या कक्षेत: फोन आडवा केला तरी चालू राहते, स्क्रीन कायमची बंद झाली की रद्द. हा स्कोप सुरू होतो मेन थ्रेडवरच आणि फंक्शनला नुसतं सस्पेंड (मध्येच थांबू शकणारं) लिहून काम बाजूला जात नाही, म्हणून जेसन विथकॉन्टेक्स्ट लावून बॅकग्राउंडच्या डिफॉल्ट डिस्पॅचरवर टाकला. रद्द करणंही सामंजस्याचं असतं, काम आपणहून थांबलं तरच थांबतं. लांबलचक लूपमध्ये मधूनमधून ‘अजून चालायचंय ना?’ असं एन्शुअरअ‍ॅक्टिव्ह विचारावं लागतं.

अपलोड मात्र जगायला हवा, म्हणून तो स्क्रीन गेली तरी काम पुरं करणाऱ्या वर्कमॅनेजरकडे, नेट असेल तेव्हाच चालव अशी अट घालून. ठाणे-वाशी लोकलमध्ये एअरप्लेन मोड चालू-बंद करत तो तपासला. शेजारच्या काकांना वाटलं, माझा फोन बिघडलाय.