एक पट्टी, दोन गळे : मिरज ते रत्नागिरी

मुंबईहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी लवकर मिरजेत पोचते. संगीत नाटकाच्या ओढीने निघालेले बरेच जण इथे न उतरता थेट कोल्हापूर गाठतात. मी मिरजेत उतरलो, आणि या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने तसंच करावं असं मला वाटतं. रंगमंचावर दोन गायकनट एकत्र गातात तेव्हा नेमकं काय घडतं, हे समजून घ्यायला ही सहल होती. त्यातला पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे गाणारा किती उंचीचा ‘सा’ धरतो याचा, आणि त्याचं उत्तर मिरजेत हाताने चाचपून पाहता येतं.

स्टेशनवरून रिक्षावाल्याला ‘सतारमेकर गल्ली’ म्हटलं की पुरे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं घडवायला घेतली, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या हे काम चालू आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानांच्या माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळलेले भोपळे टांगलेले असतात. त्यांच्या घेरावरून कुठला मर्दानी, म्हणजे पुरुष गायकाच्या मोठ्या तंबोऱ्याला जाणार आणि कुठला जनानी, हे थोड्या वेळात आपल्यालाही ओळखू येतं.

जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावताना मात्र जवळ बसून पाहा. तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या पाठीवर, तारेच्या खाली, सुताचा एक धागा सरकवतात. धागा केसभर पुढे गेला की तार मुकी वाजते, केसभर मागे आला की नुसती झणझणते, आणि या दोन्हींच्या मधल्या एकाच जागी तारेतून गंधार आपोआप ऐकू यायला लागतो. पंचमाची एक, जोडीच्या दोन आणि खर्जाची पितळी एक, अशा चारही तारांची ती जागा वेगवेगळी शोधावी लागते. एका पट्टीसाठी बांधलेला तंबोरा फार तर दोन-तीन पट्ट्या वरखाली जातो. त्याहून वर ताणला तर तार तुटते, खाली सोडला तर ढिली पडते आणि जवारी निघून जाते.

दोन गळ्यांची अडचणही नेमकी हीच. पुरुष साधारण काळी एक किंवा काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या किंवा दुसऱ्या काळ्या पट्टीला ‘सा’ मानून गातो, स्त्री काळी चार किंवा काळी पाचमध्ये. काळी एक आणि काळी चार यांच्यात अर्ध्या स्वराच्या सात पायऱ्या, म्हणजे पूर्ण पंचमाचं अंतर. त्याच्या पट्टीत चाल बांधली तर तिचा आवाज खर्जात बुडतो, तिच्या पट्टीत बांधली तर त्याला तार षड्जही दुरापास्त होतो. मग काळी तीनसारखी मधली पट्टी धरतात आणि चालीचीच वाटणी करतात: पूर्वांगातल्या, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागातल्या ओळी त्याच्या, पंचमाच्या वरची झेप तिची. ज्या द्वंद्वगीतात ही वाटणी आधी झालेली नसते, तिथे एक जण खुलतो आणि दुसरा नुसता निभावून नेतो. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ते सगळ्यांना कळतं.

याच अडचणीवर मैफलीत पंडित जसराजांनी जसरंगी या जुगलबंदीचा तोडगा काढला. पुरुषाचा मध्यम तोच स्त्रीचा षड्ज. त्याने काळी एकमध्ये आभोगी राग गायचा, तिने काळी तीनला ‘सा’ मानून कलावती. पेटीवर बोटं ठेवून पाहा, दोघांना लागणारे पाच सूर तेच निघतात. नाटकात हे सहसा जमत नाही, कारण तिथे शब्द एक असतात आणि चालही एकच लागते.

संगीत रंगभूमीच्या पहिल्या काळात मात्र ही अडचण आजच्याइतकी मोठी नव्हती. स्त्रीभूमिका पुरुषच करत, त्यामुळे नायक आणि नायिका यांच्या पट्ट्या फार लांब नसत. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेले नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेतच. गावातल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. तिथे जाऊन यायला अर्धा तास पुरतो.

मिरजेपासून सांगली दहा किलोमीटर, सिटी बस सतत असते. सांगलीत मी थोडाच वेळ दिला. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथे केलं म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. ‘मानापमान’ लिहिणारे खाडिलकर सांगलीचे, आणि ‘शारदा’कार देवल शेजारच्या हरिपूरचे. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जरूर जा, पण ऊन उतरल्यावर. संगमेश्वराच्या बाजूने घाटाच्या पायऱ्या उतरताना ‘शारदे’तल्या नदीकाठच्या मुली डोळ्यांसमोर येतात. त्यांची पदं सख्यांनी एका सुरात म्हणायची आहेत, आणि असं समूहाचं पद वाटतं तितकं सोपं नसतं. चार मुलींपैकी एकीने जरी जागा घेतली, म्हणजे मुरकी किंवा छोटी हरकत, तरी उरलेल्या तिघी बेसूर वाटायला लागतात. तालमीत त्यांच्याकडून आधी सरळ स्वर घोटून घेतात ते याचसाठी.

सांगली ते कोल्हापूर पन्नास किलोमीटर. वाटेत बघण्यासारखं काही शोधू नका, सरळ खासबागेत जा.

शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झालं. शेजारीच कुस्त्यांचं खासबाग मैदान आहे. मल्लविद्या आणि नाट्यगायन अशी भिंतीला भिंत लावून वसवणारा राजा कोल्हापूरलाच मिळाला. १९५७ पासून थिएटरला गायकनट केशवराव भोसल्यांचं नाव आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते आगीत सापडलं. छत आणि रंगमंच गेला. त्यानंतर ते जसं होतं तसंच उभं करण्याचं काम हाती घेतलं गेलं. आत जाता येईल का, प्रयोग लागतो का, हे निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. आत जाता आलं नाही तरी त्या वास्तूसमोर उभं राहिलंच पाहिजे.

कारण दोन गायकांनी एकत्र गाण्याचा मराठी मनातला सर्वांत मोठा प्रसंग केशवरावांचा आहे. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली. १९१३ मध्ये बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. दोन्ही कंपन्या तोलामोलाच्या आणि प्रेक्षकही दोन तटांत विभागलेले. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी या दोन कंपन्यांनी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये ‘संयुक्त मानापमान’ केलं. केशवराव नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. टेंब्यांच्या चाली १९११ पासून लोकांच्या तोंडी होत्या, त्यामुळे पद काय आहे यापेक्षा कोण कसं म्हणतो याकडेच सगळ्यांचे कान.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की ‘मानापमाना’ची गंमत दोघांनी एका वेळी गाण्यात नाहीच. पद एकाचं असतं आणि दुसरा समोर उभा असतो. ‘नाही मी बोलत नाथा’ भामिनी म्हणते तेव्हा धैर्यधराने काय करायचं? हलायचं तर पदाचं लक्ष फुटतं, पुतळ्यासारखं उभं राहायचं तर नाटक मरतं. वन्स मोअर आला की तीच अवघड घटका पुन्हा काढायची, आणि दुसऱ्याला मिळालेल्या वन्स मोअरला चेहरा पडू द्यायचा नाही. केशवरावांचा आवाज चढा आणि धारदार, बालगंधर्वांचा लडिवाळ आणि लयीत मुरलेला. अशा दोघांनी आपापला स्वभाव न सोडता एकमेकांना जागा दिली, म्हणून शंभर वर्षांनंतरही त्या रात्रीचं नाव निघतं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. एकतीस वर्षांचे होते. खासबागेच्या त्या दगडी भिंतींपुढे हे आठवलं की पाय निघत नाही.

कोल्हापूरहून रत्नागिरी आंबा घाटाने साधारण १३० किलोमीटर. एस.टी.ला चार तास धरा, पावसाळ्यात घाटातल्या धुक्यामुळे जास्त.

रत्नागिरीला जायचं ते प्रत्यक्ष प्रयोग ऐकायला. ‘खल्वायन’सारख्या संस्थांनी इथे संगीत नाटक जिवंत ठेवलं आहे, आणि राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात अनेक वर्षं रंगले आहेत. तारखा आणि केंद्र दरवर्षी बदलू शकतात, म्हणून सांस्कृतिक कार्य संचालनालयाची घोषणा पाहून मगच तिकिटं काढा. स्पर्धेच्या काळात सलग चार-पाच दिवस राहिलात तर चार-पाच ऑर्गन ऐकायला मिळतात, आणि साथीने गाणं कसं बदलतं हे तुलनेनेच कळतं.

बसायचं कुठे? सहावी ते दहावी रांग, मधोमध. पुढच्या रांगांत ऑर्गन आणि तबला थेट अंगावर येतात आणि गळा त्यांच्यामागे जातो. बाल्कनीत दोन आवाज छान मिसळतात, पण शब्द हरवतात, आणि नाट्यपदात शब्द हरवले तर उरलं काय?

ऑर्गनवाल्याच्या पायांकडेही लक्ष असू द्या. भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात आणि एका हाताने भरणा, म्हणजे मागचा सलग सूर, धरून दुसऱ्याने गायकाच्या मागोमाग जाता येतं. एका गायकाकडून पद दुसऱ्याकडे जाताना जो क्षणभराचा पोकळ भाग येतो, तो हा भरणाच सांधतो. कोकणच्या दमट हवेत मात्र सूरपट्ट्या चिकटतात, एखादा स्वर उशिरा बोलतो. चांगले वादक प्रयोगाआधी तासभर येऊन प्रत्येक सूर दाबून पाहतात तो त्यासाठीच.

हल्ली दोन आवाजांचा सर्वांत मोठा घात माइक करतात. दोघांच्या कॉलरला माइक आहेत आणि प्रेमप्रसंगात ते मीटरभर अंतरावर समोरासमोर आले, की एकाचा आवाज दोन्ही माइकांत शिरतो. दुसऱ्यात तो सुमारे तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही मिळून आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. उपाय साधा आहे. ध्वनियोजकाने संहिता हातात ठेवायची आणि जो गात नाही त्याचा माइक त्या ओळीपुरता खाली आणायचा. हे न करता दोन्ही माइक चढवत नेले तर पुढची पायरी शिट्टीची. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या फूट माइकवर हा त्रास कमी, पण तिथे पावलं ऐकू येतात, म्हणून जाणते नट पद चालू असताना पुढच्या कडेला फिरत नाहीत.

जुगलबंदीच ऐकायची असेल तर ‘मंदारमाला’चा प्रयोग कुठे लागतो यावर डोळा ठेवा. राम मराठे आणि प्रसाद सावकार यांनी गाजवलेली ‘बसंत की बहार आयी’ ही आजही दोन गळ्यांची कसोटी आहे. दोघे पुरुष, पट्टी एक, त्यामुळे पळवाट नाही. पहिल्याने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेतली की दुसऱ्याला तिथूनच उचलावं लागतं, आणि पहिल्याने दाणेदार तान घेतली असेल तर दुसरा मुद्दाम लांब मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, काढतो. दोघेही तानेमागे धावले तर पाच मिनिटांत कान थकतात. ‘कट्यार काळजात घुसली’त हीच चढाओढ दुसऱ्या पद्धतीने येते. ‘घेई छंद मकरंद’ नाटकातले एक गवई पंडितजी संथ म्हणतात, आणि तेच शब्द त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब यांच्याकडे द्रुत लयीत उधळतात. एकामागून एक दोन्ही ऐकल्याशिवाय त्या नाटकातलं भांडण कानांना पटत नाही.

शेवटचं, पण फार महत्त्वाचं: तिसऱ्या घंटेच्या आधी जागेवर बसा. आधी धुपाचा वास येतो. मग नांदी सुरू होते आणि सगळे कलाकार, पुढच्या अडीच-तीन तासांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी, प्रेमी, बाप-लेक होणारे, हात जोडून एका पट्टीत उभे असतात. ती पट्टी कुणाचीच सोयीची नसते. बायका खाली उतरलेल्या, पुरुष वर चढलेले, नाटकात एकही पद नसलेला विनोदी नटसुद्धा मागच्या रांगेत ‘सा’ धरून. डावीकडून उजवीकडे एकेक आवाज वेगळा काढून ऐका. पाचव्या-सहाव्या आवाजापर्यंत पोचता पोचता नांदी संपते, आणि ऑर्गनचा षड्ज तसाच मागे रेंगाळत राहतो.