गरम इंजिनाचा हट्ट: अखेर बुडबुडे सापडले

ठिणगी पाडणारे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल हे भाग बदलूनही जुनी गाडी तापल्यावर एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही, हे मागच्या नोंदीत लिहिले होते. आता कारण सापडले आहे. इंजिन दाद देत नसतानाही प्लगवर ठिणगी लख्ख पडत होती, म्हणून पंप आणि कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसवला. त्यात पेट्रोलऐवजी त्याच्या वाफेचे बुडबुडे दिसले, तेव्हा झालेला आनंद जाणकारांना सांगायला नको.

शेजारची इंजेक्शनची (कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारी) नवी गाडी तितकीच तापूनही चावी फिरवताच सुरू होते. तिचा विजेवरचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल साधारण ३ ते ४ बार दाबाने पुढे ढकलतो. दाबामुळे उत्कलनबिंदू वाढत असल्याने बोनेटखालच्या उष्णतेतही त्याची सहसा वाफ होत नाही. जुन्या गाडीचा डायफ्रॅम पंप मात्र इंजिनालाच जोडलेला असून तो टाकीतून पेट्रोल ओढतो, त्यामुळे त्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. त्यात इंजिन थांबताच पंखा आणि पाण्याचा प्रवाह दोन्ही थांबतात आणि ब्लॉकची सारी उष्णता पंपात व फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) शिरते. इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळलेल्या पेट्रोलची वाफ तर आणखी सहज होते.

कार्ब्युरेटरखाली बेकेलाइट या उष्णतारोधक प्लास्टिकचा जाड स्पेसर (मधला तुकडा) घातल्यावर बराच फरक पडला. ॲल्युमिनियमचे चकचकीत स्पेसर या कामासाठी घेऊ नयेत, कारण ते उष्णता अडवत नाहीत, वर पोचवतात.

यानंतर टाकीजवळ विजेवरचा पंप बसवण्याचा बेत होता. मात्र कार्ब्युरेटरच्या नीडल व्हॉल्व्हला (चेंबर भरल्यावर पेट्रोल अडवणाऱ्या झडपेला) ०.२ ते ०.३ बार पुरेसे असतात, आणि इंजेक्शनचा पंप लावल्यास चेंबर भरून वाहू लागेल. हे लिहीत असतानाच १९६७ च्या बॉश डी-जेट्रॉनिक या इंजेक्शन प्रणालीची रचना आठवली: तिच्यात जास्तीचे पेट्रोल सतत फिरत टाकीत परत जाते. तीच युक्ती इथे वापरता येईल. फिल्टरपासून टाकीपर्यंत बारीक छिद्राची परतीची नळी टाकली, तर वाफ मागे जाईल आणि मूळचा यांत्रिक पंपही जागेवर राहील, जे मला मनापासून हवे आहे. गरम पेट्रोल टाकीत परतल्याने तिथे वाफ वाढते, म्हणूनच अलीकडच्या अनेक गाड्यांतून ही नळी गेली. तेव्हा छिद्र लहानच हवे. सुरुवात १ मिलिमीटरने करणार आहे, आणि भरवेगात फ्लोट चेंबरची पातळी टिकली नाही, तर ते आणखी लहान करीन.