उमेदवारासाठी माजी सैनिकांची पदयात्रा काढताना

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत फौजेतून आलेल्या कुणालाही ‘मेजर’ म्हणूनच हाक मारतात. मग तो नाईक म्हणून घरी आलेला असो की सुभेदार म्हणून. या हाकेत गावाचा जो विश्वास आहे, तो उमेदवारांना नेमका ठाऊक असतो. म्हणून निवडणूक लागली की माजी सैनिकांच्या पदयात्रेचा विषय निघतोच. पदयात्रा जरूर काढावी. निवृत्त झालेला माणूस नागरिक आहे आणि आपली पसंती चारचौघांत सांगायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण तो विश्वास त्याच्या एकट्याचा नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तो पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचाही आहे, आणि आत्ता सीमेवर ड्युटीला असलेल्या पोरांचाही. म्हणून रस्त्यावर माणसं चालली पाहिजेत, फौज चालतेय असं दिसता कामा नये. तयारीतली प्रत्येक गोष्ट या कसोटीवर घासून घ्यायची.

पहिलं काम यादीचं, आणि सगळ्यात मोठी चूकही तिथेच होते. सुट्टीवर आलेला सेवेतला जवान हौसेने भावाबरोबर, चुलत्याबरोबर रांगेत येऊन उभा राहतो. आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम २० प्रमाणे सेवेतल्या माणसाला राजकीय सभेला किंवा मोर्चाला हजर राहायचीसुद्धा मनाई आहे, भाषण वगैरे लांबची गोष्ट. फोटो फिरला की युनिटमध्ये जाब त्यालाच द्यावा लागतो. डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती झालेले तर हमखास निसटतात. ते पेन्शन घेतात, गावात माजी सैनिक म्हणूनच ओळखले जातात, पण पुन्हा भरती झाल्यापासून ते आर्मी ॲक्टखाली असतात. त्यांना घ्यायचं नाही. तिसरा गट सरकारी नोकरीत लागलेल्यांचा. राज्य सरकारच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे तलाठी, लिपिक, पोलीस झालेले माजी सैनिक प्रत्येक तालुक्यात सापडतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मधला नियम ५ त्यांना प्रचारापासून दूर ठेवतो. बँकेत किंवा महामंडळात लागलेल्यांनी आपापले सेवानियम बघूनच यावं.

म्हणून यादीत नाव, गाव आणि मोबाईल नंबरापुढे एक रकाना जास्तीचा आखायचा: ‘सध्या काय करता?’ फोन करणाऱ्याने हा प्रश्न विचारल्याशिवाय नावापुढे बरोबरची खूण करायची नाही. आणि निमंत्रण पलटणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात टाकायचं नाही. त्या ग्रुपमध्ये अर्धे लोक अजून सेवेत असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ईसीएचएसचा म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना, सीएसडी म्हणजे लष्करी कँटीनची रांग, इथेही पत्रकं वाटायची नाहीत की नंबर गोळा करायचे नाहीत. या जागा सरकारी आहेत आणि तिथे येणारा माणूस औषधासाठी किंवा सामानासाठी आलेला असतो.

आता कपडे. यावर सर्वात जास्त वाद होतो आणि आमचं मत ठाम आहे: वर्दी नाही, कॉम्बॅट प्रिंटची पँट नाही, रेजिमेंटची बेरे कॅप नाही, मेडल नाही. सैनिक नसलेल्याने सैनिकासारखा वेश करून लोकांना तसं भासवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, आणि निवृत्त माणूस आता सैनिक नाही. संरक्षण दलातल्या व्यक्तींचे फोटो प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगाने ४ डिसेंबर २०१३ ला सगळ्या पक्षांना कळवलं आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. त्यामुळे बॅनरवर रणगाडा, विमान, शहिदाचा फोटो, यातलं काहीही छापायचं नाही. मेडलचा मुद्दा कायद्यापेक्षा भावनेचा आहे. ते २६ जानेवारीला कोटावर डाव्या बाजूला शोभतं. उमेदवाराच्या नावाच्या फलकाखाली ते लावलं की ज्या कामासाठी मिळालं त्याचीच किंमत उतरते. रेजिमेंटच्या युद्धघोषणेचंही तेच. ती पलटणीची आहे, कुण्या पक्षाची नाही.

मग घालायचं काय? घरचा पांढरा शर्ट, गडद पँट, पायात रोजचे रुळलेले बूट. बूट नवे नकोत, दोन किलोमीटरवर टाच सोलते. इथे एक सापळा आहे. सगळे एकसारखे दिसावेत म्हणून उमेदवाराकडून २०० शर्ट शिवून घ्यायची कल्पना कुणीतरी काढतोच. टोपी, उपरणं, बिल्ला चालतो, त्याचा खर्च दाखवावा लागतो एवढंच. पण शर्ट किंवा साडी वाटली की आयोग ते मतदाराला दिलेलं आमिष धरू शकतो.

तिरंगाही आणू नका असं आम्ही सांगतो. ध्वजसंहितेप्रमाणे त्याच्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा झेंडा लावता येत नाही, आणि पक्षाच्या झेंड्यांच्या गर्दीत हे सांभाळणं केवळ अशक्य. शिवाय यात्रा संपल्यावर कागदी झेंडे गटारीच्या कडेला पडलेले बघवत नाहीत.

परवानगीचा अर्ज उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या नावाने जातो, माजी सैनिक संघटनेच्या लेटरहेडवर नाही. अर्ज निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ पोर्टलवर किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या एक खिडकी कक्षात करायचा, कार्यक्रमाच्या किमान ४८ तास आधी. पहिला अर्ज त्याला पहिली परवानगी, म्हणून शेवटच्या रविवारची वेळ हवी असेल तर रेंगाळू नका. अर्जात सुरुवातीची जागा आणि वेळ, रस्त्यांची नावं ओळीने, शेवटची जागा आणि वेळ, माणसं, वाहनं आणि ध्वनिक्षेपक लिहायचे. माणसांचा आकडा खरा लिहा. ५०० लिहून १२० आले तर हसं होतं, १०० लिहून ४०० आले तर गुन्हा नोंद होऊ शकतो. एकदा दिलेला मार्ग बदलायचा नाही. वाटेत कुणी ‘आमच्या आळीतून चला’ म्हटलं तर हात जोडायचे. परवानगीची प्रत तिघांच्या खिशात हवी: पुढच्या माणसाच्या, शेवटच्या माणसाच्या आणि जीपवाल्याच्या. पोलीस अडवतात ते नेहमी ज्याच्याकडे कागद नाही त्यालाच.

पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश निवडणुकीत बहुतेक जिल्ह्यांत लागू असतो. त्यात शस्त्रांबरोबर काठ्याही येतात. झेंड्याला जाड बांबू नको, हलकी पोकळ काठी पुरते, शक्यतो हातभर उंचीची. माजी सैनिकांच्या बाबतीत आणखी एक बघावं लागतं. बरेच जण बँकेत किंवा कारखान्यात बंदूकधारी रखवालदार असतात आणि रात्रपाळी उतरून थेट येतात. बारा बोअरची बंदूक आधी ठेवून या, हे फोनवर स्पष्ट सांगायचं.

खर्चाची शिस्त तर हिशेबनीस नेमल्याशिवाय येत नाही. मर्यादा महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये आहे, २०२२ पासून. पदयात्रेचा प्रत्येक पैसा त्यात धरतात. संघटनेने प्रेमाने वर्गणी काढून पोहे-चहा दिला तरी उमेदवाराची लेखी संमती नसेल तर तो खर्च न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा ठरतो. म्हणून आधी उमेदवाराचं एका ओळीचं अधिकारपत्र घ्या, मग पोहे भिजवा. एका दुकानदाराला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने द्यायची नाही. आयोगाचं व्हिडिओ पथक खुर्च्या, झेंडे, गाड्या मोजत असतं आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाने त्यांची नोंद स्वतंत्र वहीत करतं. आपली पावती आणि त्यांची नोंद जुळली नाही की तपासणीच्या दिवशी उमेदवाराला नोटीस येते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आपणही त्याच वेळी मोजायचं आणि फोटो काढायचे. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव आणि पत्ता हवाच. घाईत फ्लेक्सवाला ती ओळ विसरतो.

आता रांग, म्हणजे या कामाचा खरा जीव. दोनशे माणसं तिघा-तिघांच्या रांगेत लावली तर ६७ ओळी होतात. दोन ओळींत दीड मीटर धरलं तर पुढून मागपर्यंत साधारण १०० मीटर. परेडला मिनिटाला १२० पावलं टाकलेली माणसं असली तरी आता त्यांतल्या निम्म्यांचे गुडघे गेलेत. तासाला तीन किलोमीटर हा खरा वेग, म्हणजे मिनिटाला ५० मीटर. एवढी रांग चौक ओलांडायला दोन मिनिटं घेते, आणि हा आकडा ट्रॅफिक हवालदाराला आधी सांगितला की तो एका दमात चौक मोकळा करून देतो. चौकात रांग मध्येच तुटली की मागचे धावतात, आणि सत्तरीचा माणूस पडतो तो तिथेच.

म्हणून सगळ्यात हळू चालणारे पुढे. व्हीलचेअर, काठी, कृत्रिम पाय, सगळे पहिल्या चार ओळींत. गर्दीत मानाची भाषा निघते, कर्नल साहेब पुढे की हवालदार पुढे, तेव्हा वयाचा नियम लावायचा: जास्त वयाचा पुढे. त्यावर कुणी बोलत नाही. रँकप्रमाणे लावलंत तर अर्धी माणसं पुढच्या वेळी येणार नाहीत. वीरपत्नी, वीरमाता यांना ‘या आणि पुढे उभ्या राहा’ असं सांगायला जाऊ नये. कुणी स्वतःहून आलं तर सन्मानाने इतरांबरोबर चालू द्यावं, फलक हातात देऊ नये.

आचारसंहिता सांगते, मिरवणूक शक्य तितकी रस्त्याच्या उजव्या बाजूने न्यावी. म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. बंदोबस्ताच्या पोलिसाने वेगळं सांगितलं तर त्याचं ऐकायचं. दोन्ही कडांना दर १० ओळींमागे एक माणूस शिट्टी घेऊन, शेवटी एक जीप. तेज चल, थम, सलामी असलं काही करू नये. उमेदवाराला सॅल्यूट तर नाहीच, नमस्कार करावा. वीस वर्षांनी केलेलं कदमताल विस्कटतं, आणि विस्कटलेलं बघून लोक मोबाईल काढतात. सरळ, सैल, न बोलता चाललेली पांढरी रांग बाजारपेठेतून जाते तेव्हा दुकानदार आपोआप बाहेर येतात. डीजे लावला की हा सगळा परिणाम गेला.

लोकसभेच्या वेळी आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन असतं. साताऱ्यात २०२४ ला ७ मे रोजी मतदान झालं, तेव्हाच्या दुपारी कुणाला चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. सकाळी साडेसहाला जमायचं, सातला निघायचं, नऊच्या आत संपवायचं. मार्ग तीन किलोमीटरच्या वर नको. माणशी एक लिटर धरून २० लिटरचे १० जार, दोन राखीव, आणि दोन थांबे सावलीत. मधुमेहाच्या गोळ्या घेणारे उपाशी येतात आणि पाऊण तासाने त्यांना घाम फुटतो. म्हणून निघण्याआधी पोहे सक्तीने, आणि कडेच्या प्रत्येक माणसाच्या खिशात ग्लुकोजची पुडी. एक डॉक्टर जीपमध्ये बसवायचा.

उमेदवार उशिरा येतो. हे गृहीतच धरा. रांग उन्हात ताटकळत ठेवायची नाही. सात म्हणजे सात, तो जिथे भेटेल तिथे चौथ्या-पाचव्या ओळीत सामील होईल, हे त्याच्या माणसांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. तो आला की कार्यकर्ते फोटोसाठी पुढे घुसतात आणि म्हाताऱ्या माणसांना ढकलतात, त्यामुळे पहिल्या पाच ओळींच्या दोन्ही बाजूंना सुती दोरी धरायची.

समारोपाला भाषण एकच, पाच मिनिटांचं, आणि मागण्या लेखी. विधानसभेच्या उमेदवाराकडे वन रँक वन पेन्शन मागण्यात अर्थ नाही, तो केंद्राचा विषय. त्याला घरपट्टी माफीची अंमलबजावणी गावोगाव का अडते ते विचारा, तालुक्यात ईसीएचएसला जागा मिळवून देणार का ते विचारा, आणि उत्तरावर सही घ्या.

मतदान संपण्याच्या ४८ तास आधी प्रचार थांबतो, त्याच्या आत हे सगळं उरकलेलं असलं पाहिजे. त्यानंतर जुने फोटोही ग्रुपवर फिरवू नका. आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ या तक्रारीच्या ॲपवर तक्रार गेली तर १०० मिनिटांत तिचा निपटारा करायचा असतो, आणि अधिकारी पहिला फोन ज्याच्या नावाने परवानगी आहे त्यालाच करतात. त्याच संध्याकाळी पावत्या हिशेबनिसाकडे, जार परत, दोऱ्या-शिट्ट्या पिशवीत. सकाळची यादी घेऊन एकाने बसायचं आणि साठीच्या वरच्या प्रत्येकाला फोन लावायचा. घरी पोचलो, पाणी प्यालो, एवढं ऐकलं की नावापुढे दुसरी खूण.